सहा वाजताचं पाणी

टाकवे बुद्रुक
१८ नोव्हेंबर २०२४

बक्षा,

तुझा ठावठिकाणा धम्मदीपनं सांगितला. तो पहाटे गावातलं दूध टेम्पोत भरून लोणावळ्याला जातो. म्हणाला, "तुंगार्लीत तळ्याच्या वरच्या अंगाला बंगलाय, गेटावर अल्लाबक्षचाचा असत्यात. द्या चिठ्ठी, दुधासंगं पोचंल." पोस्टानं हेच वीस-पंचवीस किलोमीटर जायला चार दिवस लागले असते.

फोन का करत नाही म्हणून शिव्या घालशील. तळेगावच्या कारखान्यात अठरा वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसवर उभा राहिलो आणि येताना कान तिथंच ठेवून आलो, हे तुला माहीत आहे. आता समोरचा माणूस बोलला तर ओठांवरून अर्धं कळतं. फोनला ओठ नसतात. म्हणून कागद घेतला. शाळेत गुरुजी माझं अक्षर सगळ्यांना दाखवायचे, आठवतं? तुझं दाखवायचे ते कसं नसावं म्हणून.

गावाची खबर अशी. तू गेलास त्यानंतर नवी नळयोजना नीट सुरू झाली. तुझी व्हॉल्व्हची लांब किल्ली ग्रामपंचायतीच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली आहे. आता कोणी पाणी सोडत नाही. टाकी भरलेलीच असते. घरोघर नळाला एक डबी बसवली आहे, तिच्यावर निळं कार्ड टेकवलं की पाणी येतं आणि घेतलं तेवढ्याचे पैसे कार्डातून वजा होतात. जो कमी वापरेल त्याला कंपनी गुण देते. गुण चांगले असले तर शेतावरच्या ठिबकसाठी कमी व्याजानं कर्ज. माझ्या वरच्या तुकड्याला ठिबक बसवायचं किती वर्षांचं मनात आहे, तुला सांगायला नको.

तर सांगायचं म्हणजे, या महिन्यात अख्ख्या गावात पहिला नंबर माझा आला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव लागलं आहे. शाळेत कधी लागलं नव्हतं.

शालू बरी आहे. तुझी आठवण काढते. तुझं कसं चाललं आहे ते लिही.

तुझा,
हौशीराम


तुंगार्ली, लोणावळा
३० नोव्हेंबर २०२४

हौशा,

धम्मदीपनं गेटातून हात घालून पत्र दिलं आणि म्हणाला, "चाचा, गावावरनं लव लेटर आलंय." मी म्हणालो, आलंय खरं, पण ज्याचं आलंय त्याला दाढी आहे.

माझं बरं चाललं आहे. बंगला मोठा आहे. मालक मुंबईचे. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, मुलं आरडाओरडा करतात, सोमवारी सगळं आवरायला मला दिवस पुरत नाही. बागेला पाणी घालणं आणि पोहण्याचा हौद स्वच्छ ठेवणं ही माझी मुख्य कामं. हौद भरायला दोन टँकर लागतात. पहिल्यांदा भरला तेव्हा मी काठावर बसून होतो. आपल्या खालच्या आळीला दोन दिवस पुरेल एवढं पाणी नुसतं निळं दिसण्यासाठी. आमच्यात सांगितलंय, नमाजाआधी वाहत्या नदीकाठी वजू करायला बसलात तरी पाणी उधळू नका. मी या हौदाच्या काठावर बसून एका तांब्यात वजू करतो. तेवढंच माझ्या हातात आहे.

तुझा पहिला नंबर आला, वाचून आनंद झाला. खोटं कशाला लिहू, थोडं वाईटही वाटलं. सव्वीस वर्षं मी त्या गावाला पाणी सोडलं. खालच्या आळीला पाऊण तास, वरच्या आळीला अर्धा, शाळेला दहा मिनिटं. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाकडे बाळंतीण आहे, कोण आजारी आहे, हे मला व्हॉल्व्हपाशी कळायचं. "बक्षूभाऊ, आज पाच मिनिटं जास्त सोडा, जावई आल्यात." मी सोडायचो. पण अल्ला साक्षी आहे, माझ्या हातून सगळ्यांना सारखं पाणी कधी गेलं नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला जास्त गेलं. वरच्या वाडीची ठाकर माणसं कधी ओरडली नाहीत, त्यांना कधी पोचलं नाही. तुझी ती डबी आवाज ऐकत नाही, हे तिचं चांगलंच आहे.

एक विचारतो. वहिनींची पत्रात एक ओळ असायची. कारखान्यात होतास आणि घरून मला चिठ्ठी पाठवायचास तेव्हाही खाली त्यांचं असायचं, "भावजींना सांगा, लैलाला घेऊन जेवायला या." या वेळी काही नाही. लैला गेल्याला चार वर्षं झाली, म्हणून आता बोलवायचं कोणाला असं त्यांना वाटलं असेल. मला एकट्याला बोलावलं तरी चालेल म्हणावं.

लेक माहनूर सासरी, इंदुरीला सुखी आहे. ईदला घेऊन जाते, ईद झाली की आणून सोडते.

अल्लाबक्ष


टाकवे बुद्रुक
२९ जानेवारी २०२५

बक्षा,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस. भाताची मळणी, मग हरभरा. सोबत संक्रांतीचा तिळगूळ पाठवतो आहे. शालूनं केला आहे. उशीर झाला, पण गोड बोल.

२६ जानेवारीला ग्रामपंचायतीत कार्यक्रम झाला. झेंडा झाल्यावर कंपनीची बाई आली होती, स्नेहल नावाची, आपल्या पोरांच्या वयाची. मला प्रमाणपत्र दिलं. महिन्याला बाराशे चाळीस लिटर! गावात एवढ्या कमी पाण्यात कोणाचं घर चालत नाही. तिनं माइक माझ्यापुढं धरला. ओठ नीट हलवून बोलत होती बिचारी. "काका, तुमचं गुपित काय? सगळ्यांना सांगा." मी म्हणालो, "गुपित कसलं, सवय." तेव्हा मागून कोणीतरी काही बोललं आणि सगळे हसले. काय बोलले ते मला कळलं नाही. मीही हसलो.

बक्षीसही आहे. स्नेहलनं सांगितलं की पहिल्या नंबरला कंपनी कार्डावर पैसे भरते. एकदाच भरणार असं मला वाटलं होतं. पण बघ, कार्ड संपतच नाही. शिल्लक खाली आली की दुसऱ्या दिवशी आपोआप वर गेलेली असते. मी कुठं जात नाही, कोणाला सांगत नाही. माणसं सरकारला नावं ठेवतात, कंपन्यांना ठेवतात, पण एवढं कोण कोणाचं बघतं?

सकाळी सहाला उठतो, कार्ड टेकवतो, पाणी घेतो. नळाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून हंड्यात हात घालून बसतो. बोटं बुडाली की बंद. एक थेंब सांडत नाही. ठिबकचा अर्जही पुढे सरकला आहे, मार्चमध्ये मंजूर होईल म्हणतात.

शालू बरी आहे. थंडीनं कंबर धरते तिची. बाकी ठीक.

हौशीराम


तुंगार्ली
६ फेब्रुवारी २०२५

हौशा,

तिळगूळ खाल्ला. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं आहे. पाचव्यांदा लिहितो, आणि तू माझ्या लहानपणापासूनचा आहेस म्हणून सरळ लिहितो.

तिळगूळ वहिनींनी केलेला नाही. वहिनींच्या लाडवात किसलेलं खोबरं असतं आणि वेलदोडा जरा जास्तच असतो. माझी लैला त्यावरून त्यांना चिडवायची, "वहिनी, यात तीळ शोधावा लागतो." तू पाठवलेले सगळे एका मापाचे, गोल, साच्यातून काढल्यासारखे. कामशेतच्या स्टेशनबाहेर मिळतात, मी ओळखतो.

मग मी तुझे बाराशे चाळीस लिटर घेऊन बसलो. दिवसाचे चाळीस. हंड्यात मोजले तर पावणेतीन हंडे. हौशा, मी पाणी सोडणारा माणूस आहे. तुझ्या घरचं पाणी मला पाठ आहे. वहिनींचा सडाच एका हंड्याचा. म्हशीला तीन. वहिनी सोवळ्यातल्या नाहीत, पण भांडं दोनदा धुतात. सणावाराला तर तुझं घर एकट्यानं अर्ध्या आळीएवढं ओढायचं. पावणेतीन हंड्यांत तुमचं दोघांचं होत नाही. पावणेतीन हंड्यांत एका माणसाचं होतं, आणि तोही माणूस रोज आंघोळ करत नसावा.

ग्रामपंचायतीत काय बोलले असतील ते तुला कळलं नाही, मला इथं बसून कळलं. घरात माणूसच नाही तर पाणी कशाला लागेल, असंच काहीतरी.

वहिनी कुठं आहेत? कधीपासून? त्या जिवंत आहेत एवढं मला माहीत आहे, कारण तसं काही असतं तर धम्मदीपनं सांगितलं असतं. मी त्याला विचारलं नाही. तुझ्या घरचं दुधवाल्याकडून विचारायचं नव्हतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण "शालू बरी आहे" असं पुन्हा लिहू नकोस.

अल्लाबक्ष


टाकवे बुद्रुक
४ मार्च २०२५

बक्षा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चुलीत घालणार होतो. घातलं नाही. महिनाभर कोनाड्यात होतं. येताजाता दिसायचं.

शालू दिवाळीपासून पोराकडे, संदेशकडे आहे, मोशीला. त्यांना मुलगा झाला, सून अपेक्षाची नोकरी आहे, बाळाला सांभाळायला कोणीतरी हवं, हे सगळं खरं आहे. गावात मी तेच सांगतो. पण दोन महिन्यांसाठी जाणारी बाई म्हैस भावाकडे पाठवून जात नाही.

कारण आमच्या दारातला रांजण. तुला माहीत आहे, वरच्या वाडीची वाट आमच्या दारावरून जाते. माझ्या आईच्या आधीपासून पाडव्याला तिथं करंजाखाली रांजण मांडायचा, तो थेट मिरगापर्यंत. चैत्रात पाणी दिलं की पितरांना पोचतं म्हणतात. आई गेली, मग शालू मांडायची. ठाकरवाडीच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन उतरायच्या, तिथं टेकायच्या, पाणी प्यायच्या, शालूशी बोलायच्या. तीन हंडे एका वेळेला लागायचे आणि दुपारी पुन्हा दोन.

गेल्या पाडव्याला डबी बसून तीन महिने झाले होते. माझे गुण वर चढत होते. मी म्हणालो, यंदा रांजण नको. तिनं तरी मांडला. आठ दिवसांनी फळ्यावर माझं नाव खाली गेलं. मी रांजण पालथा घातला. 

मग एक दिवस भर दुपारी वाडीची एक म्हातारी आली. पालथ्या रांजणाकडे बघत उभी. "बाय, पानी न्हाई ठिवलं औंदा?" हे मला तिच्या ओठांवरून कळलं. शालू आतून कळशी घेऊन आली आणि तिच्या ओंजळीत धार धरली. म्हातारी पीत होती आणि मी, बक्षा, मी पायरीवर बसून म्हणालो, "मीटर फिरतंय." मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळं किती मोठ्यानं म्हणालो कोण जाणे. म्हातारीनं ओंजळ काढून घेतली. उरलेलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

शालू माझ्याकडे वळून एकच वाक्य बोलली. तिच्यामागं ऊन होतं, ओठ दिसले नाहीत. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. पुढं सहा महिने ती घरात होती, सगळं करत होती, पण त्या वाक्यानंतरचं काही नव्हतं. दिवाळीत गेली.

तिकडून ती माझी चौकशी करत नाही. संदेश येतो, पैसे ठेवतो, जातो. तिचा निरोप नसतो. मी कसा विचारू? फोनवर मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून ती करत नाही, असं मी स्वतःला सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटी तापानं पडलो होतो. दोन दिवस उठलो नाही, नळाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर शेजारची ज्योत्स्ना उशाशी उभी, हातात पेज. कधी आमच्या उंबऱ्यात न येणारी बाई. मी विचारलं, तुला कसं कळलं? तिनं हातानंच "असंच" केलं. भैरवनाथाची कृपा म्हणायची.

ठिबकचं मंजूर झालं. नळ्या येऊन पडल्यात. अजून उलगडल्या नाहीत.

हौशीराम


तुंगार्ली
१२ मार्च २०२५, रोजे चालू आहेत

हौशा,

तुझं पत्र सहेरीच्या वेळी वाचलं, आणि दिवसभर तहान लागली तेव्हा ती म्हातारीची ओंजळ आठवत राहिली. तुला टोचायला लिहीत नाही. रोजा असला की पाण्याचं सगळं जवळ येतं.

आधी माझं सांगतो, म्हणजे तुला बरं वाटेल. मीही तुला खोटं लिहिलं. इथं पाहुणे येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मालकांच्या घरी दुःख झालं, तेव्हापासून कोणी आलेलं नाही. बंगला विकायला काढला आहे. हौद भरलेला ठेवायचा असा हुकूम आहे, गिऱ्हाईक आलं तर चांगलं दिसावं म्हणून. मी रोज त्यातली पानं काढतो. दिवसातून माझ्याशी बोलणारा माणूस एकच, धम्मदीप, तोही टेम्पो चालू ठेवून. तू तिथं पावणेतीन हंड्यांत राहतोस, मी इथं दोन टँकरांच्या काठावर. हिशेब सारखाच.

गावी का येत नाही विचारलं नाहीस, पण सांगतो. ती किल्ली खिळ्याला टांगलेली मला बघवणार नाही. लैला नाही, काम नाही, तर त्या गावात मी कोण?

आता नीट वाच.

डबी बसवायच्या वेळी घरोघरचे फॉर्म कोणी भरले? मीच. माझं काम जाणार होतं त्याच कामाचे फॉर्म माझ्या हातून भरून घेतले, कारण कोणाच्या घरात किती माणसं हे मलाच पाठ होतं. तुझा फॉर्म भरताना तू शेतात होतास. जोडणी घरच्या बाईच्या नावे करा असं वरून सांगितलं होतं, म्हणून नाव वहिनींचं घातलं. मोबाइल नंबरच्या रकान्यात तुझा घालणार होतो. पण तुझा फोन पत्र्याच्या डब्यात बंद असतो, वाजला तरी तुला ऐकू येत नाही. म्हणून नंबरही वहिनींचाच घातला.

हौशा, कार्ड टेकवून पाणी घेतलं की त्या नंबरावर संदेश जातो. किती वाजता, किती लिटर, किती शिल्लक. दर वेळी. तू रोज सकाळी सहाला हंड्यात बोटं बुडवून बसतोस तेव्हा मोशीला वहिनींच्या हातात फोन वाजतो.

कंपनी एकदाच पैसे भरते. तुझं कार्ड कोण भरतं, आता तूच सांग. वहिनी बचत गटात हे सगळं शिकलेल्या आहेत, दुरूनही भरता येतं. दोन दिवस तुझ्या घरी पाणी गेलं नाही आणि तिसऱ्या दिवशी ज्योत्स्ना पेज घेऊन आली. भैरवनाथाची कृपा मी नाकारत नाही. पण त्यानं ज्योत्स्नाला फोन वहिनींकडून करवला.

आणि तू लिहितोस, ती चौकशी करत नाही. ती रोज करते. चार महिने तू तिला रोज एकच उत्तर देतोयस, चाळीस लिटर. तिला काय वाटत असेल? आपण गेलो आणि माणूस खूश आहे, याला पहिला नंबर मिळतोय.

ठिबक लाव. नळ्या पडून का ठेवल्यास? वरच्या तुकड्याला तू पाटानं पाणी द्यायचास तेव्हा अर्धं ओघळीत जायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वाया जातं ते पाणी अडव, त्यात पुण्यच आहे. तहानेचं अडवलंस, ते चुकलं. चुकलं तर चुकलं. अल्लाच्या दारात आणि बायकोच्या दारात माणसाला परत जाता येतं, असं मी मानतो. मला आता दुसरं दार उरलेलं नाही म्हणून जरा अधिकारानं सांगतो.

३० तारखेला पाडवा आहे. रांजण फुटलेला नाही ना?

अल्लाबक्ष


टाकवे बुद्रुक
३० मार्च २०२५, पाडवा

बक्षा,

हे दुपारी लिहितोय. धम्मदीप संध्याकाळी तुमच्याकडे जास्तीचं दूध घेऊन जाणार आहे, ईदचं. त्याच्याकडे देतो.

रांजण फुटला नव्हता. आत कोळ्यांनी घर केलं होतं. काल दिवसभर घासला, उन्हात ठेवला. खाली वाळू घातली, शालू घालते तशी. तिच्यासारखी सपाट झाली नाही, रांजण जरा कलला आहे.

सकाळी सहाला कार्ड टेकवलं. आधी माझे नेहमीचे हंडे भरले. मग थांबलो. पुन्हा टेकवायला हात उचलला आणि हसू नकोस, छाती धडधडली. लग्नाच्या आधी तिला बघायला गेलो होतो तेव्हा एवढी धडधडली नव्हती. तिकडे फोन वाजणार, तिच्या हातात जाणार, हे माहीत असून नळाला हात लावायचा. तीन हंडे रांजणात ओतले. एकूण पंच्याऐंशी लिटर. मग तसाच नळापाशी बसून राहिलो, जसं काही तो नळच उत्तर देणार आहे.

दहाच्या सुमाराला वाडीच्या तीन बायका उतरल्या. ती म्हातारी त्यांच्यात नव्हती. मी विचारलं. एकीनं हात वर केला आणि मान हलवली. थंडीत गेली म्हणे. मी त्या तिघींना पाणी दिलं, ओगराळ्यानं, धार धरून. त्यातली एक दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मी म्हणालो, "मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई." ती माझ्या तोंडासमोर येऊन ओरडली, "लय गार हाय म्हनलं, आबा!" एवढं बरं वाटलं. आबा म्हणाली तेवढं सोड.

स्नेहल विचारायला येईल, नंबर गेला म्हणून. जाऊ दे. ठिबकच्या नळ्या कालच टाकल्या. तिथं वाचलेलं इथं प्यायला घालतोय असं तिला सांगेन.

शालूचं उत्तर नाही. संध्याकाळची गाडी आहे तोवर वाट बघतो. नंतरही बघेन.

उद्या ईद. माहनूर तुला इंदुरीला नेणार, गाडी कान्ह्यावरनं जाईल. तिला म्हणावं वाकडी वाट कर. किल्ली मी ग्रामपंचायतीतून मागून आणली आहे, सरपंच म्हणाला, न्या, गंजतीय. माझ्या घरी आहे. ती बघायला नको असेल तर पाणी प्यायला ये.

हौशीराम


मोशी
४ एप्रिल २०२५

अहो,

अपेक्षाच्या वहीचं पान फाडून लिहितेय. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तुम्हाला पत्र कधी लिहिलं नव्हतं. समोर असताना लिहायचं कशाला. चुका दिसल्या तर अल्लाबक्षभावजींना दाखवू नका, त्यांच्यापेक्षा बरंच आहे माझं.

पाडव्याला सहा वाजता एक संदेश आला, रोजचा. मी फोन खाली ठेवला. लगेच दुसरा आला, पंचेचाळीस. मला वाटलं नळ तसाच राहिला, तुम्हाला आवाज येत नाही. ज्योत्स्नाला फोन लावला. ती म्हणाली, "काकी, रांजण मांडलाय, आन् वाकडा मांडलाय." मी बाळाला घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले. इथं सगळ्या सोसायटीला टँकर येतो, खाली रांग लागलेली असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाणी गेलं. त्या वेळेला तुम्ही कधी घेत नाही. घरी ईदचे पाहुणे आले होते वाटतं. त्यांना म्हणावं, एकट्यानं जेवायला आलात तरी चालतं, पण मी आल्यावर पुन्हा या.

त्या दिवशी मी काय बोलले ते तुम्हाला ऐकू गेलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही मान हलवलीत, ती हो म्हणण्यासारखी. मी म्हणाले होते, "माझ्या वाटणीचं दिलं तिला." तुम्ही हो म्हणालात. मग मी माझी वाटणी घेऊन निघून आले. पुन्हा विचाराल म्हणून सहा महिने थांबले होते.

बाळाला मेमध्ये पाळणाघरात घेतील, तोवर मला हलता येणार नाही. आखाजीपर्यंत काही जमत नाही. त्यानंतरचं बघू. रांजणाच्या खालची वाळू रोज भिजवा आणि त्याला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर दुपारी पाणी कोमट लागतं. आणि तो सरळ करा, एवढ्या वर्षांत कधी वाकडा नव्हता.

कार्डाची काळजी करू नका, मी भरते.

फक्त सहाच्या पुढं झोपत जाऊ नका. माझा फोन वाजला की मगच मी चहा ठेवते.

शालू